पौष ते चैत्र : आपल्या पुण्याची पानगळ

शाळेत आपण दोन ऋतुचक्रे शिकलो. मराठीच्या तासाला सहा ऋतू असत आणि इंग्रजीच्या तासाला चार. ‘ऑटम’ या शब्दापुढे आपण सगळ्यांनीच वहीत ‘शरद ऋतू’ असा अर्थ लिहिला आणि बाईंची बरोबरची खूण मिळवली. शब्दकोशही तेच सांगतो. पण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. तेव्हा पाऊस नुकता ओसरलेला असतो, टेकड्यांवर गवत उभे असते आणि कोजागरीचे आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते. पुण्यात तेव्हा सहसा झाडे लाल-पिवळी होत नाहीत. त्यामुळे भिंतीवरच्या कॅलेंडरातली मेपलची झाडे पाहून आपला एक पक्का समज झाला: पानांचे रंग हा थंड देशांचा मामला, आपल्याकडची झाडे एक तर हिरवी, नाही तर खराटा.

हा समज खरा नाही. आपल्याकडेही पानांचा रंगऋतू आहे. तो पौषात सुरू होतो आणि चैत्रात संपतो. मात्र शहरातल्या बागांमध्ये आणि रस्त्यांच्या कडेला त्याला फार थोडी जागा मिळाली. असे का झाले, याचा बराचसा इतिहास पुण्याच्या आसपासच घडलेला आहे, म्हणून तो या स्मरणिकेत मांडते. त्याला एक निमित्तही आहे. शाळेच्या नव्या कुंपणाच्या कडेने आपल्या तुकडीने बारा झाडे लावून द्यायची, असे ठरले आहे. कोणती, ते अजून ठरायचे आहे.

रंग येतो कसा

विज्ञानाच्या तासाला शिकलेली गोष्ट आधी आठवू. पानाला हिरवा रंग हरितद्रव्यामुळे येतो. पान गळायची वेळ आली की झाड हे हरितद्रव्य मोडून त्यातला उपयोगी भाग खोडात ओढून घेते. मग पानात आधीपासून असलेली पिवळी-केशरी रंगद्रव्ये दिसू लागतात. लाल रंगाची कथा वेगळी आहे. तो देणारे अँथोसायनिन हे द्रव्य बहुतेक झाडे त्या वेळी नव्याने तयार करतात. युरोप-अमेरिकेत या साऱ्याला लहान होणारा दिवस आणि थंडी कारणीभूत ठरते. दख्खनवर मुख्य कारण कोरडेपणाचे. ऑक्टोबरात पाऊस थांबतो, जानेवारीपर्यंत जमिनीचा वरचा थर सुकतो आणि झाड पाणी वाचवण्यासाठी पाने टाकते. प्रत्येक जातीची मुळे वेगळ्या खोलीवर, पाण्याची सोय वेगळी, त्यामुळे सगळी झाडे एकाच आठवड्यात रंगत नाहीत. अख्खा डोंगर एकदम पेटल्यासारखा दिसावा, तसे आपल्याकडे सहसा होत नाही. एकेक झाड आपापल्या तारखेला रंगते.

आपल्या रंगऋतूचा दुसरा अर्धा भाग नव्या पानांचा आहे. पाऊस यायला तीन महिने असताना, ऐन उन्हात, आपली कितीतरी झाडे पालवतात. ही कोवळी पाने तांबूस, किरमिजी किंवा तांब्यासारखी चकचकीत असतात आणि हिरवेपणा त्यांच्यात मागाहून भरतो. कोवळे पान कडक उन्हापासून आणि किडींपासून वाचावे म्हणून हा लाल रंग असावा, असे अभ्यासक म्हणतात. आपल्या पूर्वजांनी हे नीट पाहिलेले होते. संस्कृतात कोवळ्या पानाला पल्लव आहे, किसलय आहे. मराठीत पालवी आहे, चैत्रपालवी आहे. गळत्या पानाच्या रंगाला मात्र आपल्याकडे असा खास शब्द रुळला नाही. ज्या पानाचे कौतुक, त्याला नाव मिळाले.

क्रमाने सांगायचे तर पौष-माघात ताम्हणाची पाने लालसर तांबडी होऊन गळतात. ताम्हण हे आपले राज्यफूल, पण त्याची पाने फुलांच्याही आधी रंगतात हे फार थोड्यांच्या लक्षात येते. त्याच सुमारास कुंभ्याची मोठाली पाने लाल होतात आणि कुड्याची पिवळी. काटेसावर पाने झाडून लाल फुलांनी भरते. माघ-फाल्गुनात पळस पेटतो. त्याच दिवसांत सीताअशोकाची कोवळी तांबूस पाने फांद्यांवरून झुंबरासारखी खाली लोंबतात. फाल्गुनात कुसुंब पालवतो. ज्यांनी कोकणात उतरणाऱ्या घाटांत मार्च महिन्यात कुसुंब पाहिला असेल, त्यांनी लांबून ती फुलेच समजली असतील, इतका तो लाल असतो. मागोमाग बेहडा, मोह आणि पिंपळ. पिंपळाची गुलाबी-तांबूस पालवी तर शहरातल्या कुठल्याही जुन्या भिंतीवरही दिसते.

आंबा-फणसाचा काळ

मग ही झाडे आपल्या बागांत का नाहीत? आधी जुन्या काळाकडे पाहू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात झाडांविषयी एक प्रकरणच आहे. आरमारासाठी सागासारखी लाकडे परवानगीने तोडावीत, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच ते घ्यावे, असेही त्यात आहे. पुढे पेशवाईत हिराबाग आणि सारसबाग झाल्या. सारसबाग म्हणजे तेव्हा पर्वतीच्या पायथ्याच्या तळ्यातले बेट होते. त्या काळात माणूस मुद्दाम झाड लावी ते फळासाठी, सावलीसाठी किंवा पूजेच्या फुलासाठी.

पळस, कुसुंब, कुंभा यांना कोणी लावत नसे, कारण लावायची गरजच नव्हती. रान गावाच्या वेशीपासूनच सुरू होई. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, त्याच्या फुलांचा रंगपंचमीचा रंग, पळसावर आणि कुसुंबावर पोसलेल्या किड्यांची लाख, हे सगळे रानातून घरात येई. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण ज्या समाजाने केली त्याला पळस कुठेही गेले तरी भेटत होता. जे कुठेही भेटते, त्याला बागेत जागा कोण देणार?

दापोडी ते गणेशखिंड

इंग्रजी अमलात बागेचा अर्थ बदलला. आज लोकलचे स्टेशन म्हणून आपल्याला माहीत असलेल्या दापोडीला १८२८ साली सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थानही तेव्हा तिथे होते. बागेचे मुख्य काम उपयोगी वनस्पती, विशेषतः औषधी आणि बाहेरून आणलेल्या, वाढवून पाहणे आणि त्यांची रोपे-बियाणे पसरवणे हे होते. १८३८ पासून तिचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे होता. पुढे १८४७ मध्ये तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने एका भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या आणि परिसरातल्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली. त्यांतली १७१ चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. दापोडीची बाग १८६५ मध्ये बंद झाली. त्याआधी १८६१ मध्ये डॅल्झेल आणि गिब्सन यांचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे पुस्तक निघाले होते.

दापोडी बंद झाली त्याच वर्षी पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात थिओडोर कूक हे प्राचार्य म्हणून आले. आपल्यातले अर्धे जण बारावीला ज्या कॉलेजच्या यादीसाठी देव पाण्यात घालून बसले होते, ते हेच कॉलेज, आजचे सीओईपी. कूक आयर्लंडचे, शिक्षणाने इंजिनिअर. बी.बी.सी.आय. रेल्वेच्या नोकरीत त्यांनी वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल बांधला होता. असा माणूस पुण्यात येऊन झाडांच्या नादी लागला आणि १८९३ मध्ये निवृत्त होईपर्यंत इथेच राहिला. पुढे लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. झाडाचे वर्णन, कुठे सापडले ते ठिकाण, फुलण्याचे महिने आणि स्थानिक नाव अशी नोंद त्यात आहे. एखाद्या मोठ्या प्रणालीचे जुने पण चोख दस्तऐवज वाचताना माझ्यासारखीला जो आनंद होतो, तोच हा ग्रंथ चाळताना होतो. आजही आपल्याकडच्या वनस्पतींवर काम करणाऱ्याला कूक उघडावाच लागतो.

कूक यांच्या काळातच, १८७३ मध्ये, गणेशखिंडीत नवे वनस्पती उद्यान उभे राहिले. ते जी. मार्शल वुड्रो यांच्या देखरेखीखाली होते. त्यांनी भारतातल्या बागकामावर पुस्तक लिहिले आणि पश्चिम भारतातल्या वनस्पतींची यादीही प्रसिद्ध केली. शेजारी गव्हर्नरचा पावसाळी मुक्कामाचा बंगला होता. तीच आज विद्यापीठाची मुख्य इमारत. लष्करी भागात सोल्जर्स गार्डन होते, त्याचे पुढे एम्प्रेस गार्डन झाले. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या रानातल्या झाडांची इतकी बारीक माहिती असलेली माणसे, बागा आणि कॉलेज हे सगळे पुण्यात काही मैलांच्या आत होते.

रस्त्यावर मात्र दुसरेच

पण त्याच शतकात आपल्या शहरांतून जी झाडे पसरत गेली ती वेगळी होती. गुलमोहर मादागास्करचा. वर्षावृक्ष, म्हणजे आपला रेन ट्री, मध्य व दक्षिण अमेरिकेतला, सिलोनमार्गे आलेला. नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा, पिचकारी आफ्रिकेची. जुन्या हमरस्त्यांना वड लावण्याची चाल होती आणि ती चालूही राहिली, पण कॅन्टोन्मेंट, बंगले आणि नव्या बागा यांच्यासाठी या पाहुण्यांची निवड झाली.

याला कोणाचा दुष्टपणा कारण नव्हता. व्यवहार होता. ही झाडे झपाट्याने वाढतात. गुलमोहर रोपवाटिकेत सहज रुजतो आणि थोड्याच वर्षांत फुलतो. वर्षावृक्ष अख्ख्या रस्त्यावर छत धरतो. साम्राज्यातल्या एका शहरात जमलेले झाड दुसऱ्या शहरात पाठवायची सोय उद्यानांमुळे झालेलीच होती. याउलट कुसुंब संथ वाढतो. कुंभ्याची पाने मोठी, ती गळाली की झाडणाऱ्याचे काम वाढते. शिवाय आपली झाडे रंगतात ती अशा महिन्यांत, की त्यांना ‘ऑटम’ म्हणावे तर कॅलेंडर चुकते आणि ‘स्प्रिंग’ म्हणावे तर फुलांऐवजी पानेच लाल.

स्वातंत्र्यानंतरही रोपवाटिकांची सवय सुटली नाही. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावले गेले. ही आपली उंदीरमारी मध्य अमेरिकेतली आहे. मग सुबाभूळ आली. उघड्या टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात हा हेतू साध्यही झाला. पण हिरवे दिसणे आणि ऋतू दिसणे यांत फरक आहे. तो फरक मराठी वाचकाला ज्यांनी दाखवला त्या दुर्गाबाई भागवत. त्यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आले. ते मराठी महिन्यांच्या क्रमाने चालते आणि कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाचे पान कसे दिसते, हे पाहायला शिकवते. शाळेच्या ग्रंथालयात त्याची प्रत होती. ज्यांनी ती नुसती धड्यापुरती उघडली, त्यांनी आता पुन्हा उघडावी.

कायदाही झाला. महाराष्ट्राच्या नागरी भागांतली झाडे जपण्यासाठी १९७५ मध्ये अधिनियम आला. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड तोडायचेच झाले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची, असा नियम आला. वर्षांमागे एक झाड हा हिशेब आज्ञापत्रातल्या आंबा-फणसाच्या काळजीशी नाते सांगतो. तरीही एक गोष्ट कोणत्याही हिशेबात बसत नाही. पन्नास वर्षांचा कुसुंब गेला आणि त्याच्या बदल्यात पन्नास रोपे लागली, तरी पुढच्या फाल्गुनात तिथे लाल काहीच नसते. आणि ती रोपे दुसऱ्याच कशाची असली तर पन्नास वर्षांनीही नसते. पेठांतले वाडे आणि उपनगरांतल्या जुन्या सोसायट्या पाडून नव्या इमारती होत आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्यातल्या बहुतेकांच्या दारात आलेला आहे.

सुदैवाने पाहायला अजून पुष्कळ शिल्लक आहे. गणेशखिंडीची बाग २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. एम्प्रेस गार्डन, विद्यापीठाचे आवार इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादी सकाळ घालवली तर वर सांगितलेला रंग डोळ्यांनी तपासता येईल.

आपली बारा झाडे

आता कुंपणाकडे वळू. समितीकडे रोपवाटिकेची जी यादी आली आहे तिच्यात फॉक्सटेल पाम, टॅबेबुया, सोनमोहर आणि फायकस आहे. ही झाडे वाईट नाहीत. फाटकाजवळचे दोन गुलमोहर तर कोणी काढायचे म्हटले तर मीच पहिली आडवी येईन. आपल्या दहावीच्या निकालापर्यंतच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्या सावलीत गेल्या आहेत. पण नवीन बारा झाडे लावताना रानातल्यांना संधी द्यावी, असे मला वाटते. माझी यादी अशी आहे:

ताम्हण तीन. ते मूळचे ओढ्या-नद्यांच्या काठचे, म्हणून जिथे मुले डबे धुतात त्या नळांच्या रांगेपाशी. पौष-माघात पाने लाल, आणि उन्हाळ्यात जांभळी फुले.

सीताअशोक तीन, नव्या इमारतीच्या सावलीच्या बाजूला. त्याला कोवळेपणी कडक ऊन सोसत नाही. शहरात ‘अशोक’ म्हणून जो उंच, सरळ दिसतो तो वेगळा. खरा अशोक कोणता हे मुलांना एकदा शेजारी उभा करून दाखवता येईल.

कुडा तीन. हा लहान चणीचा, तारांच्या खालीही चालतो. थंडीत पिवळा, उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांचा.

पळस दोन, मागच्या मुरमाड कोपऱ्यात, जिथे दुसरे काही जगत नाही.

कुसुंब एक, मैदानाच्या टोकाला, एकटा आणि मोकळा. त्याला जागा लागते आणि धीर लागतो. मधल्या जागांत धायटीची झुडपे लावता येतील. थंडी सरता सरता त्यांच्यावर बारीक लाल फुले येतात आणि शिंजीर, सूर्यपक्षी त्यांच्याकडे धाव घेतात.

पिंपळ लावू नये. भिंतीजवळ तर मुळीच नको. तो आपला आपण येतो आणि काढता काढता नाकी नऊ आणतो.

पानगळीच्या कचऱ्याचा प्रश्न समितीत निघालाच आहे. त्यावर उपाय सोपा आहे: मैदानाच्या मागे पाचोळ्याचा एक खड्डा. गळलेले पान खड्ड्यात आणि खत पुन्हा झाडाला. शिपाईमामांवर जास्तीचे काम पडू नये म्हणून त्या दोन महिन्यांपुरती एका माणसाची मजुरी आपल्या निधीतून द्यावी. पहिले तीन उन्हाळे पाणी घालावे लागेल, त्यासाठीही थोडे पैसे बाजूला ठेवायला हवेत. झाडे देणे सोपे असते, तीन उन्हाळे देणे अवघड. पण बारा झाडे जगली तर त्यांचा खर्च तिथेच संपतो.

शाळेत पुढे येणाऱ्या मुलांना ‘ऑटम’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातच शोधावा लागेल. त्याला हरकत नाही, परीक्षेत तोच लिहायचा असतो. पण पौषात नळावर डबा धुताना ताम्हणाचे लाल पान पाण्यात पडले तर त्यांना आपल्या गावचा ऋतू कॅलेंडराबाहेरही दिसेल. सरांनी-बाईंनी त्या दिवशी वर्ग बाहेर न्यावा, एवढीच विनंती.

समितीने रोपांच्या निवडीसाठी मेअखेरपर्यंत सूचना मागवल्या आहेत. रोपे जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावायची आहेत. खड्डे त्याआधी खणलेले असावे लागतील. ज्यांना रविवारी सकाळी दोन तास देता येतील, त्यांनी आपले नाव समितीकडे जरूर कळवावे. फावडी शाळेत आहेत.